नटावरची लाल रेघ

९ जानेवारी

शालकबुवा,

आशीर्वाद घे आणि लगेच कामाला लाग, म्हणजे आशीर्वाद वाया जाणार नाही.

परवा इथे पोचलो. खाणीचं वर्कशॉप मोठं आहे. वर पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली दगड फोडायची आजारी यंत्रं रांगेत उभी. वर्षभर मी त्यांचा डॉक्टर. खोली बरी आहे. खिडकीतून दगडाची पावडर येते आणि दारातून मॅनेजर, दोन्ही रोज झाडून काढावं लागतं. टेकडीवर चढलं की फोनही लागतो. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझ्या बहिणीशी बोलायचं, आणि तिच्याशी बोलून झाल्यावर विमानाचा विषय काढायची हिंमत कुणात उरते? म्हणून पत्र. शिवाय पत्र पुन्हा वाचता येतं, आणि तुला एकदा सांगून कळत नाही हा माझा लग्नापासूनचा अनुभव आहे.

तर विमान. सहा वर्षं मी घरामागच्या शेडमध्ये ते जोडतोय. पंख झाले, शेपूट झाली, चाकं लागली. गल्लीतली माणसं मला कॅप्टन म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत हे मला कळतं. राहिलं होतं ते नाक. इंजिन आणलं, पेटीतून काढलं आणि नेमकं तेव्हाच इथे यावं लागलं. म्हणून इंजिनाचा सगळा कप्पा तुझ्या गळ्यात घालतोय. तू आयुष्यभर रेडिएटर झाळलेस, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे एकदाच म्हणतोय, पुन्हा म्हणणार नाही.

जूनअखेर मला दोन आठवडे रजा आहे. तेव्हा इंजिन चालू झालेलं मला पाहायचं आहे. तपासनीस साहेबांशी बोलून ठेवलंय. जून हुकला तर पुढची रजा थेट वर्ष संपताना.

आधी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आपण यांच्यामधला स्टीलचा पत्रा. त्यातून जी वायर किंवा नळी जाईल तिच्याभोवती रबराची चकती हवी, नाहीतर पत्रा तिला कुरतडतो. मग माउंटचा सांगाडा, त्यावर चार रबरांवर बसणारं इंजिन. मग पेट्रोलची नळी, सायलेन्सरपासून लांब. शेवटी वरचं झाकण. त्याला काउलिंग म्हणतात. बॉनेट म्हणालास तर रजा रद्द करून तुला मारायला येईन.

आता आपला नियम. नट पुरता आवळला की लगेच नट आणि बोल्ट दोघांवरून लाल रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून दिसते. जो आवळेल त्यानेच ओढायची, आणि आवळल्याशिवाय ओढायची नाही. रेघ म्हणजे सही. सहा वर्षांत माझ्या विमानावर एकही खोटी रेघ नाही. रंगाला तुझ्या ताईचं नेलपॉलिश उत्तम. मागून घे. मी एकदा न मागता घेतलं होतं, त्याचे परिणाम तुला ठाऊक आहेत.

आणखी एक. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी, केबल किती लांब हवी ते तू स्वतः डाव्या खुर्चीत बसून ठरव. तुझ्या हाताला सहज पोचेल एवढी. माझ्या हाताचा विचार करू नकोस.

तुझा,
दाजी

४ फेब्रुवारी

ती. दाजी,

नमस्कार. मारायला येऊ नका, काउलिंगच म्हणतोय.

दुकान संध्याकाळी बंद केलं की थेट तुमच्या शेडमध्ये. फायरवॉल झाली. माउंट बसलं. रविवारी साखळीला टांगून इंजिन हळूहळू पुढे घेतलं. ताई साखळी धरून उभी होती आणि मी खाली. ती म्हणाली, "हे पडलं तर तू आधी जाशील की माझ्या फरशा?" मी म्हटलं, फरशा. तर म्हणे, "मग सांभाळून."

चारही बोल्ट गेले, नट आवळले. नेलपॉलिशची बाटली ताईने स्वतः आणून दिली, तीही नवी. तुम्हाला जुनी दिली असती. तीन रेघा छान आल्या. वरच्या डाव्या नटावर मात्र हात हलला आणि रंगाचा ओघळ खाली उतरला. पुसणार होतो. पण तुमचं वाक्य आठवलं की रेघ म्हणजे सही. सही कुणी पुसतं का? तशीच ठेवली. फोटो सोबत आहे.

केबलबद्दल तुम्ही काहीतरी विसरताय. डाव्या खुर्चीत चालवणारा बसतो, म्हणजे तुम्ही. तुमचे हात माझ्यापेक्षा लांब. मी तुमच्या मापानेच घेतली असती, पण तुमचा हुकूम मोडायची टाप नाही. माझ्या मापाने घेतली आहे. अडचण झाली तर तुम्हीच सरकून बसा.

ताई बरी आहे. तुमच्या तब्येतीची फार चौकशी करते. तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का, असं विचारायला सांगितलंय. काय दाखवायचं ते मला सांगत नाही.

तुमचा,
धाकटा

२० फेब्रुवारी

शालकबुवा,

फोटो पाहिला. भिंग लावून पाहिला. मग वर्कशॉपमधल्या फोरमनला दाखवला, तोही म्हणाला की माणूस कामाचा आहे. त्या ओघळाला शेपूट फुटलंय, हुबेहूब बेडकाचं पिल्लू. राहू दे त्याला. विमानावर एक तरी जिवंत प्राणी असावा.

फोटो भिंतीवर चिकटवलाय. इथले लोक भिंतीवर बायकोचा फोटो लावतात. हे ताईला सांगू नकोस.

तब्येत ठणठणीत आहे, तसं कळव. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले घोडा आहात.

आता ऐक. फ्लाइंग क्लबचे मास्तर माझे जुने मित्र. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जा, मी पत्र टाकलंय. ते तुला शेजारी बसवून वर नेतील. थ्रॉटल कसा हाताळतात हे ज्याला ठाऊक नाही त्याने थ्रॉटल बसवू नये. एकदा जाऊन भागणार नाही. ते बोलावतील तेव्हा जात राहा.

दाजी

१५ मार्च

ती. दाजी,

गेलो. एकदा नाही, तीनदा गेलो. पहिल्यांदा पोट खाली राहिलं आणि मी वर गेलो. दुसऱ्यांदा दोघं बरोबर गेलो. तिसऱ्यांदा मास्तरांनी दांडी माझ्या हातात दिली आणि स्वतः सफरचंद कापत बसले. दाजी, खरं सांगतो, खाली उतरल्यावर मला दुकानात बसवेना. रेडिएटर समोर होता आणि मी आभाळाकडे बघत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, काय हो, गळती वर आहे का? मास्तर म्हणतात माझा हात हलका आहे. हे त्यांना तुम्हीच सांगायला लावलंत की काय?

पेट्रोलची नळी बसली. तिच्यावर आगीपासून वाचवणारा मोजा चढवला. वायरी बांधल्या. असंच चाललं तर मे महिन्यातच तयार.

तुमचा,
धाकटा

१८ एप्रिल

ती. दाजी,

उशीर झाला, माफ करा. एक अडचण आली. सायलेन्सरचा पाइप काउलिंगला टेकतोय. थोडा नाही, चांगलाच. तो कापून परत झाळावा लागेल. झाळणारा माणूस गावाला गेलाय. मी स्वतः झाळलं असतं पण हा धातू वेगळा. धोका नको. तुम्हीच म्हणता धोका नको.

रविवारी हल्ली जमत नाही. मास्तरांना तसं कळवलंय.

ताई बरी आहे.

धाकटा

२ मे

शालकबुवा,

पाइप टेकतोय? मी पेटीतून इंजिन काढलं तेव्हा कागदाचा साचा करून पाहिलं होतं, दोन बोटं जागा होती. पण तू समोर आहेस, मी लांब. तुझं खरं.

रविवारी का जमत नाही? दुकान रविवारी बंद असतं. आभाळाकडे बघत बसणारा माणूस महिन्याभरात खाली कसा आला? जात राहा. माझं ऐक.

दाजी

२५ मे

ती. दाजी,

पाइपचं काम झालं. पण आता दुसरंच निघालं. इंजिन ज्या चार रबरांवर बसलंय ते जुने आहेत, चिरलेत. ते तसे ठेवून पुढे जाणं बरोबर नाही. म्हणून मी चारही नट सोडले, इंजिन परत साखळीला टांगलं, रबर काढले. नवे इथे मिळत नाहीत. बऱ्याच दुकानांत विचारलं. त्यामुळे जून जमेल असं दिसत नाही. तुम्ही तपासनीस साहेबांना कळवा. रजा पुढे ढकलता आली तर बघा. उगाच येऊन हात हलवत परत जाण्यापेक्षा बरं.

ताई म्हणते, घाई काय आहे?

धाकटा

१४ जून

शालकबुवा,

रबर पाठवतोय. पार्सल फोडताना जपून.

शहरात जाऊन आणले. खाणीचा ट्रक जात होता, ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. पूर्वी मी दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देत नसे, आता खुशाल डुलक्या काढतो. वय झालं म्हण. एका दुकानदाराने कुठल्याशा पंपाचे रबर माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. शेवटी गावाबाहेर एका म्हाताऱ्याच्या गोदामात मिळाले. त्याने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, विमानासाठी. म्हातारा उठून उभा राहिला आणि फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून देऊ लागला. परत येईपर्यंत कंबर मोडली होती, पण ट्रकमध्ये पार्सल मांडीवरच ठेवलं होतं.

रजा पुढे ढकलली. जूनला येत नाही. ताईला सांग. तिचं तोंड पडेल, पण विमानावर राग काढू देऊ नकोस.

रबर बसले की एक फोटो पाठव. माझ्या भिंतीवर जागा आहे.

दाजी

२० जुलै

ती. दाजी,

पार्सल मिळालं. रबर चांगले आहेत. बसवले. इंजिन परत जागेवर आहे, नट आवळले. आता इंजिन थंड राहावं म्हणून हवा वळवणारे पत्रे कापतोय. त्यांना वेळ लागेल, ते फार नाजूक काम आहे, तुम्हाला माहीतच आहे. फोटो पाठवतोय. पत्र्यांचा आहे. उजेड नीट नव्हता.

ताई म्हणते, तुम्ही लांबच बरे आहात, तिकडे निदान वेळेवर जेवता. गमतीने म्हणते.

धाकटा

३ ऑगस्ट

श्रीयुत शालक यांस,

आपला फोटो मिळाला. उजेड नीट नव्हता हे खरं, पण भिंग होतं.

फोटो पत्र्यांचा आहे. पण वरच्या डाव्या कोपऱ्यात एक नट आला आहे. त्या नटावर बेडकाचं पिल्लू आहे. फेब्रुवारीतलंच. शेपटीसकट. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग उठून हातपाय धुऊन आलो आणि पुन्हा पाहिले.

आपण लिहिता की मे महिन्यात चारही नट सोडले. नट सुटला असता तर ते पिल्लू मेलं असतं. ते जिवंत आहे, म्हणजे नटाला पाना लागलेला नाही. म्हणजे इंजिन टांगलं नाही. म्हणजे रबर काढले नाहीत. मग मी मांडीवर घेऊन आलो ते रबर आपण कुठे ठेवले आहेत? आणि पाइप तरी टेकत होता का? की माझी दोन बोटं तेवढी खोटी?

मी रजा ढकलली. एका म्हाताऱ्याने आपल्यासाठी फडक्याने रबर पुसले. आणि आपण शेडमध्ये बसून मला काम चाललंय असं लिहीत होता. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. इथे शिवी द्यायची तर आपलेच दात, आपलेच ओठ. केसाने गळा कापतात असं ऐकलं होतं, कापून घेताना दुखत नाही असं वाटायचं. दुखतं.

काम जमत नव्हतं तर तसं लिहायचं. कंटाळा आला असता तरी चाललं असतं. मला एकच कारण सांगा, आणि ते खरं सांगा.

आपला,
(नातं तूर्त लिहीत नाही)

१४ ऑगस्ट

अहो,

तुमचं पत्र घेऊन तो माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. त्याने उत्तर लिहायला घेतलं, मी कागद काढून घेतला. त्याला "आपण" म्हणू नका. जे काही केलं ते मी करायला लावलं.

तुम्ही गेल्यापासून माझ्या मनात होतं, मार्चअखेरीला मी ते त्याला सांगितलं. तुम्ही जायच्या आधी दोनदा असं झालं. एकदा तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बसलात आणि थांबलात. डोळे उघडे. मी हाक मारली, खांद्याला हात लावला. तुम्ही कुठेच नव्हता. मग एकदम म्हणालात, साखर कमी आहे. दुसऱ्यांदा शेडच्या दारात. हातात पाना, आणि तसेच उभे. मी मोठ्याने ओरडले तरी ऐकू गेलं नाही. मग पाना खाली ठेवून विचारलंत, तू कधी आलीस?

हे वर आभाळात झालं असतं तर? मला विमानाची भीती कधीच नव्हती. सहा वर्षं मी त्या पत्र्यांवरून पाय टाकत कपडे वाळत घातलेत. भीती तुमची वाटते.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. डॉक्टरांना दाखवलंत का विचारलं, तर घोडा आहात म्हणून कळवलंत. मग मी काय करायचं होतं? तोडून टाकायला सांगणं माझ्याच्याने झालं नसतं. म्हटलं, लांबू दे. वर्षभर लांबलं की त्यांचा जीव आपोआप निघेल त्यातून. धाकट्याने नाही म्हटलं. दोन दिवस भांडला. मग मी रडले, आणि माझ्या रडण्यापुढे त्याचं लहानपणापासून काही चालत नाही. तो बिचारा इकडे आड तिकडे विहीर. रोज शेडमध्ये जातो, काही न करता बसतो आणि परत येतो.

रबर माझ्या कपाटात आहेत, साड्यांच्या मागे. कागदसुद्धा सोडलेला नाही.

रागवायचं तर माझ्यावर रागवा.

३० ऑगस्ट

तुम्हा दोघांना,

वेगवेगळं लिहायला हात उचलत नाही. एकत्र बसून ठरवलंत, एकत्र बसून वाचा.

कपाचं मला माहीत होतं. हातातला चहा एकदम गार कसा झाला, हे माणसाला कळतं. इथे यायच्या आधीच मी शहरात जाऊन डॉक्टरांना दाखवलं होतं. गाडी चालवायची नाही, शिडी चढायची नाही, विमानाचं नावही काढायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या चालू आहेत. खाणीच्या डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, मॅनेजरलाही, म्हणून मला यंत्राजवळ एकटा सोडत नाहीत. इथे आल्यापासून एकदाही झालेलं नाही. घोडा वगैरे लिहिलं ते खोटं होतं. ते एक खोटं माझं.

मी उडणार नव्हतोच.

धाकट्या, केबल तुझ्या मापाची का घ्यायला लावली? मास्तरांकडे का धाडलं? थ्रॉटल बसवायला पाना लागतो, आभाळ लागत नाही. मास्तर तुला शिकवत होते. मीच सांगितलं होतं, त्याला कळू न देता शिकवा, कळलं तर घाबरेल. हात हलका आहे हे मात्र मी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी मला लिहिलं, आणि ते वाचून मी त्या दिवशी फोरमनला चहा पाजला.

डावी खुर्ची तुझी होती. मी उजवीकडे बसणार होतो, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखा. डॉक्टर त्याला हो म्हणाले असते का ते माहीत नाही. निदान जमिनीवर, शेडच्या दाराबाहेर, इंजिन चालू असताना तरी बसू दिलं असतं. जूनमध्ये ते करायचं होतं. इंजिन चालू करायचं आणि त्या आवाजात तुम्हा दोघांना सगळं सांगायचं. हिचं रडणं त्यात ऐकू आलं नसतं, आणि माझंही.

नुसतं तोंडी येऊन मला उडता येणार नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. सांगताना समोर काहीतरी पूर्ण झालेलं असावं, एवढंच वाटत होतं. तेवढंच तुम्ही होऊ दिलं नाही.

तू घाबरलीस, त्यात तुझं चुकलं नाही. पण नवऱ्याला वेड्यासारखं फिरवत ठेवू, खेळणं मोडलंय म्हणून सांगत राहू, म्हणजे तो विसरेल, हे तू ठरवलंस. बत्तीस वर्षांच्या संसारात तुला माझ्या तोंडावर बोलायची चोरी कधी झाली? घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. माझ्या घरात वासे आधी फिरले.

आणि तू. तुझ्या शेजारी मी डोळे मिटून बसणार होतो. न सोडलेल्या नटाबद्दल तू मला पानं भरून लिहू शकतोस, हे कळल्यावर आता मी कुठे बसू?

इथे आणखी एक वर्ष राहायचं लिहून दिलंय. पगार घरी येईल. पत्रं टाकू नका.

१ डिसेंबर

ती. दाजी,

टाकू नका म्हणालात तरी टाकतोय. न उघडता परत पाठवलंत तरी चालेल.

तुमचं पत्र आम्ही एकत्रच वाचलं. मी मोठ्याने वाचत होतो. खुर्चीचं आलं तिथे मला पुढे वाचता येईना, मग ताईने वाचलं. नंतर ती म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही, आणि मध्ये तुझा नट झाला. आपण सगळे एका माळेचे मणी." मग उठून साड्यांच्या मागून पार्सल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ती तुमच्यावर रागावली आहे. तुम्ही गोळ्या घेता आणि तिला ठाऊक नाही, याचा तिला फार राग आहे. पण रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात उभी असते.

दाजी, त्या फोटोबद्दल सांगतो. फोटो काढताना ते पिल्लू मला दिसलं होतं. बाटली हाताशी होती. त्याला पुसून नवी रेघ ओढली असती तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. ब्रश नटापर्यंत नेला. पत्रात खोटं लिहिता आलं, तिथे ओढता आलं नाही. ब्रश परत बाटलीत ठेवला. म्हटलं, दिसलं तर दिसू दे. खरं सांगायचं तर दिसावं असंच वाटत होतं.

आता जे केलं ते सांगतो. मी जे जे केलं म्हणून तुम्हाला लिहिलं होतं ते सगळं केलं. आधी पाइप. तो टेकत नव्हता, तुमची दोन बोटं बरोबर होती. तरी उतरवला, मोजला, परत लावला. मग चारही नट सोडले. पिल्लाची शेपूट तुटली तेव्हा ताई शेजारी होती, तिने तोंड फिरवलं. इंजिन साखळीला टांगलं. साखळी तिनेच धरली, या वेळी फरशांबद्दल काही बोलली नाही.

रबर काढले आणि हातात घेऊन उजेडात पाहिले. दाजी, ते खरंच चिरले होते. चारपैकी दोन, आतल्या बाजूने, नख जाईल एवढे. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी न बघता, मनाने रचून लिहिलं होतं, आणि आत ते तसंच होतं. मी कबुलीजबाब म्हणून काम करायला घेतलं नसतं, तर आपण दोघं त्याच रबरांवर वर गेलो असतो. माझं खोटं कामाला आलं असं म्हणत नाही. मला त्याची भीती वाटली एवढंच सांगतो.

तुमचे रबर बसवले. इंजिन चढवलं. हवेचे पत्रे कापले, बसवले. वायरी पुन्हा तपासल्या. कप्पा पूर्ण झाला आहे. इंजिन चालू केलेलं नाही. डाव्या खुर्चीत बसलेलो नाही, मास्तरांकडे गेलेलो नाही. ती खुर्ची माझी होती असं तुम्ही लिहिलंत. होती.

सगळे नट आवळले आहेत. एकावरही रेघ ओढलेली नाही. जो आवळेल त्याने ओढायची हा तुमचा नियम, पण माझ्या सहीला आता किंमत नाही. तुम्ही येऊन प्रत्येक नटाला पाना लावून बघा आणि तुमच्या हाताने रेघ ओढा. नेलपॉलिशची बाटली शेडच्या खिडकीत ठेवली आहे.

तुमचा,
धाकटा

१९ डिसेंबर

धाकट्या,

पत्र परत पाठवलेलं नाही.

ताईला सांग, गोळी सकाळी एक आणि रात्री एक, जेवणानंतर.

नेलपॉलिश लवकर सुकतं. मला किती दिवस लागतील ते आत्ता सांगता येत नाही. टोपण घट्ट लावून ठेव.

दाजी